दुसऱ्या भागात अडकलात तर

प्रश्न असा आला आहे. कोथरूडच्या एका वाचकाने लिऊ त्सिशिन यांच्या त्रिखंडातलं पहिलं पुस्तक, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत संपवलं. दुसरं, 'द डार्क फॉरेस्ट', गणपती उठल्यावर हातात घेतलं आणि पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच गाडी रुतली. नावं आठवत नाहीत, आधीच्या पुस्तकातला नायक गायब आहे, आणि नवा नायक जग वाचवायचं सोडून स्वप्नातली मुलगी शोधत बसलाय. आता पहिलं पुन्हा वाचू, हे सोडून थेट तिसरं घेऊ, की मालिकेलाच रामराम करू?

पहिलं पूर्ण पुन्हा वाचू नका. दुसरं सोडू नका. तिसऱ्यावर उडी तर मुळीच मारू नका. दीड तासाची तयारी करा, दुसऱ्याचा प्रारंभीचा भाग पुन्हा वाचा आणि जिथे अडलात तिथूनच पुढे जा. खाली पहिल्या पुस्तकातल्या गोष्टी उघड होतील, दुसऱ्याचा शेवट कुठेही फुटणार नाही.

मधलं पुस्तक म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यामधला साकव, कसाबसा ओलांडायचा, असं बरेच जण धरून चालतात. तिथेच पहिली चूक होते. चांगल्या लेखकाचं मधलं पुस्तक तुमच्याकडून काहीतरी काढून घेतं. पहिल्या पुस्तकात त्या जगाचा नियम कळतो, त्याचा आनंद असतो. दुसऱ्यात तो नियम मोडतो, किंवा आपल्याला तो अर्धाच कळला होता असं लक्षात येतं. वाचक मात्र पहिल्याचीच चव शोधत आलेला असतो.

असिमोव्हच्या 'फाउंडेशन' कथा 'अस्टाउंडिंग' मासिकात १९४२ पासून येत होत्या. कुठलंही संकट येवो, त्यांतल्या हॅरी सेल्डन या शास्त्रज्ञाने गणिताने मांडलेली योजना शेवटी खरी ठरायची. १९४५ मध्ये संपादक जॉन कॅम्पबेल यांनी असिमोव्हला सांगितलं की आता ही योजनाच उधळून लाव. असिमोव्ह हबकला, नको नको म्हणाला, पण संपादकापुढे त्याचं चाललं नाही आणि त्यातून योजना उधळून लावणारा 'म्यूल' जन्मला. १९५२ च्या 'फाउंडेशन अँड एम्पायर' या मधल्या पुस्तकाचा उत्तरार्ध म्हणजे ती कथा. गंमत पुढे आहे. 'ड्यून' आपल्या मासिकात छापणारा संपादकही हाच कॅम्पबेल. पण फ्रँक हर्बर्टने दुसऱ्या पुस्तकात, 'ड्यून मसाया'त, स्वतःच्याच नायकाला सिंहासनावरून नाही तरी वाचकाच्या मनातून खाली उतरवलं, तेव्हा कॅम्पबेलने ते छापायला नकार दिला. १९६९ मध्ये ते 'गॅलक्सी' मासिकात आलं. दुसऱ्याच्या मालिकेतली खात्री मोडायला सांगणाऱ्या माणसालासुद्धा आपल्या आवडत्या नायकाची पडझड सोसली नाही. तेव्हा तुम्ही रुतलात यात नवल काही नाही.

मराठी वाचकाला हे किंचित जास्त जड जातं, कारण आपली सवय वेगळी आहे. आपली विज्ञानकथा दिवाळी अंकांत आणि मासिकांत वाढली, एका बैठकीत संपणारी. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली ती कथाच होती, आणि पुढे त्यांनी लिहिलेली 'वामन परत न आला'सारखी कादंबरीही एकटी उभी राहते. लहानपणी वाचलेला फास्टर फेणे कुठल्याही पुस्तकापासून सुरू केला तरी बिघडत नाही. मागच्या भागातलं डोक्यात धरून पुढची पाचशे पानं वाचायची तालीम आपल्याला फारशी मिळालेली नसते. ती करावी लागते, आणि होते.

तयारी किती करायची हे मधलं पुस्तक कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं. जात ओळखायला पहिली दहा पानं पुरतात. माणसं तीच आहेत का, मध्ये किती काळ गेला, जागा कोणती, एवढंच बघायचं.

काही मधली पुस्तकं म्हणजे एकाच गोष्टीचा दुसरा अंक. डॅन सिमन्सचं 'हायपेरियन' (१९८९) संपतं तेव्हा प्रवासी अजून मुक्कामाच्या दारातच असतात. पुढचं सगळं 'द फॉल ऑफ हायपेरियन'मध्ये (१९९०). इथे नाटकाच्या मध्यंतराएवढंच अंतर चालतं. दोन पुस्तकं एकदमच घ्यावीत आणि मध्ये आठवड्याहून जास्त खंड पडू देऊ नये.

काहींत काळाची उडी असते. 'ड्यून मसाया' बारा वर्षांनी सुरू होतं. विल्यम गिब्सनचं 'काउंट झिरो' (१९८६) 'न्यूरोमान्सर'नंतर सात वर्षांनी, आणि तेही तीन नव्या माणसांना घेऊन. इथे वर्षभराचा खंड पडला तरी नुकसान कमी, कारण लेखकालाच नव्याने घडी बसवायची असते. पहिल्यातली भांडणं आठवायची गरज नाही. सत्ता कोणाच्या हातात आली आणि कोणत्या किमतीला, एवढं आठवलं तरी पुरे.

तिसरी जात सगळ्यात फसवी. जग तेच, पण खुर्ची बदललेली. जेफ व्हँडरमीरच्या 'सदर्न रीच' मालिकेतली पहिली तिन्ही पुस्तकं २०१४ याच वर्षात आली. पहिल्यात एका अनाकलनीय प्रदेशातली मोहीम आहे, दुसऱ्यात, 'ऑथॉरिटी'त, त्याच प्रदेशावर नजर ठेवणारं कार्यालय. फायली, बैठका, एकमेकांवरचा संशय. ॲन लेकीचं 'एन्सिलरी जस्टिस' (२०१३) साम्राज्यभर फिरतं, तर 'एन्सिलरी स्वोर्ड' (२०१४) एका अंतराळस्थानकावर आणि त्याखालच्या एका ग्रहावर बसून राहतं. तिथे चहाचे मळे आहेत आणि मळ्यांत राबणारे मजूर. युद्धाची वाट पाहणारा वाचक इथे पुस्तक मिटतो. आसामच्या मळ्यांचा इतिहास थोडा जरी ठाऊक असेल, तर त्या मळ्यांवरून साम्राज्याकडे बघायला काय मिळतं हे आपल्या वाचकाला इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकापेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं.

'द डार्क फॉरेस्ट'मध्ये या तिन्ही जातींचा गोपाळकाला आहे. संकट पहिल्यातलंच, माणसं बहुतेक नवी, आणि पुढे काळाची प्रचंड उडी. म्हणून तयारी जरा नीट करावी लागते.

आता ते दीड तास. पहिल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पूर्ण वाचा, वीस मिनिटं. मग पहिल्या प्रकरणापासून प्रत्येक प्रकरणाचा फक्त पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचत जा, चाळीस मिनिटं. उरलेल्या अर्ध्या तासात एक चिठ्ठी तयार करा. हे प्रमाण आठ-दहा महिन्यांच्या खंडासाठी आहे. दीड-दोन महिनेच झाले असतील तर नुसतं शेवटचं प्रकरण पुरतं. दोन वर्षं उलटली असतील तर पहिल्याचा शेवटचा तिसरा हिस्सा सलग वाचून काढा.

पूर्ण पुनर्वाचन नको, याला दोन कारणं आहेत. एक साधं आहे, वेळ. चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक तासाला तीस पानांच्या वेगाने तेरा-चौदा तास खातं, आणि दुसरं सुरू करायच्या आधीच उमेद संपते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पुन्हा वाचलंत की पहिल्याची चव जिभेवर ताजी होते आणि तिच्यापुढे दुसरं आणखीच अळणी लागतं.

चिठ्ठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, एकाच बाजूला. मोठा कागद घेतला की माणूस सारांश लिहायला बसतो. तीन रकाने करा: नाव, कुठे सोडलं, याला काय माहीत आहे. तिसरा रकाना सगळे गाळतात आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. विज्ञानकथेतलं मधलं पुस्तक बहुतेक वेळा माहितीवर चालतं. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय लपलं आहे, यावर डाव रचलेले असतात. कोण कुठे राहतो हे विसरलात तर लेखक आठवण करून देतो, कोणाला काय माहीत नाही हे तो सहसा सांगत नाही.

तुमच्या पुस्तकाची चिठ्ठी साधारण अशी होईल. ये वेनजिए: पकडली गेली आहे, रेड कोस्ट या गुप्त तळाच्या जुन्या जागी सूर्यास्त पाहताना सोडली, पृथ्वीवरून परग्रहाला पहिलं उत्तर तिनेच पाठवलं. माइक एव्हान्स: पनामा कालव्यात जहाजासकट मेला, परग्रहाशी थेट बोलणारा माणूस हाच. शी च्यांग: तोच 'दा शी', पोलिस, शास्त्रज्ञ नाही, टोळांचं उदाहरण देऊन धीर देणारा. ट्रायसोलारिस या परग्रहाचं आरमार: निघालं आहे, पोचायला चार शतकांहून जास्त. सोफॉन: त्या परग्रहाचे अतिसूक्ष्म हेर, पृथ्वीवरच आहेत, मूलभूत भौतिकीचे प्रयोग बिघडवतात, सगळं पाहतात, सगळं ऐकतात, पण माणसाच्या मनात काय चाललं आहे ते त्यांना वाचता येत नाही. शेवटचं वाक्य अधोरेखित करा. अख्खं दुसरं पुस्तक त्या वाक्यावर उभं आहे.

वांग म्याओचं नाव चिठ्ठीत मुद्दाम घातलेलं नाही. पहिल्याचा नायक असला तरी दुसऱ्यात तो नायक म्हणून परतत नाही. त्याची वाट पाहण्यात बऱ्याच वाचकांची पहिली शंभर पानं वाया जातात.

नावांचा गोंधळ होतो त्यावर सोपा उपाय आहे. चिनी नावात आडनाव आधी येतं, आपल्या मतदार यादीत येतं तसंच. दुसऱ्याचा नायक लुओ जी, त्यातलं लुओ हे आडनाव, ये वेनजिएमधलं ये हे आडनाव. आडनाव पकडून वाचलं की निम्मा गुंता सुटतो. नाव मनातल्या मनात कसं उच्चारायचं ते एकदाच ठरवा आणि चिठ्ठीवर देवनागरीत लिहून टाका. उच्चार थोडा चुकला तरी चालेल, पण दर वेळी वेगळा नको. रोमन लिपीत डोळ्यांनी ओळखलेलं नाव दुसऱ्या दिवशी टिकत नाही, तोंडाने उच्चारलेलं टिकतं.

भाषा बदलल्यासारखी वाटते, तो भास नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केन लिऊ यांचं आहे, दुसऱ्याचं जोएल मार्टिनसेन यांचं. वाक्याची ठेवण वेगळी आहे, संवादांचा सूर वेगळा आहे. पहिली पन्नास पानं त्या कानाला सवय व्हायला जातात. मुळात पहिली दोन पुस्तकं चिनीत ग्रंथरूपाने २००८ या एकाच वर्षी आली होती, त्यामुळे लेखकाच्या बाजूने एवढा खंड नव्हता.

आता प्रारंभीच्या भागाबद्दल, कारण तुमचं नेमकं तिथे निसटलं असणार. एक मुंगी एका थडग्याच्या दगडावर चढते आहे. तिच्या पायांखाली दगडात कोरलेली अक्षरं आहेत. तिला ते चर वाटतात, ती एकेका अक्षराच्या खोबणीतून फिरत जाते, आणि वर दोन माणसं बोलत उभी आहेत. लुओ जी आणि ये वेनजिए. घाईत वाचणारा मुंगीकडे बघत राहतो, किंवा मुंगीला वैतागून पान उलटतो, आणि दोन्ही वेळा बोलणं निसटतं. त्या बोलण्यात ये वेनजिए त्याला विश्वाच्या समाजशास्त्राची दोन गृहीतकं देते: टिकून राहणं ही कुठल्याही संस्कृतीची पहिली गरज, आणि संस्कृती सतत वाढत जाते पण विश्वातलं एकूण द्रव्य तेवढंच राहतं. त्याला जोडून दोन संज्ञा: संशयाची साखळी आणि तंत्रज्ञानाचा स्फोट. ती त्या स्पष्ट करत नाही. तुम्हीही अर्थ शोधत बसू नका, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चारही गोष्टी उतरवून ठेवा. भूमितीच्या पुस्तकात प्रमेयाआधी गृहीतकं येतात तशी ती इथे ठेवली आहेत.

याच भागात एव्हान्स परग्रहाशी बोलताना दिसतो. मेलेला माणूस जिवंत कसा, म्हणून गोंधळू नका, प्रसंग आधीचा आहे. तिथे कळतं की त्या लोकांचे विचार एकमेकांना उघड दिसतात, त्यांच्यात 'विचार करणं' आणि 'बोलणं' या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. कपट म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागतं. सोफॉनला मन वाचता येत नाही आणि त्यांच्या धन्यांना खोटं कळत नाही, या दोन फटींतून माणसांनी जी योजना काढली ती वॉलफेसरची. चार माणसं निवडायची, त्यांना हवी ती साधनं द्यायची, आणि त्यांनी खरा डाव कोणालाही सांगायचा नाही. टायलर, रे डियाझ, हाइन्स आणि लुओ जी.

इथेच तुम्ही रुतलात, आणि का रुतलात तेही इथेच आहे. खरा डाव कोणालाही सांगायचा नाही, यात वाचकही आला. तुमची जागा सोफॉनच्या शेजारी आहे. सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, हेतू कळत नाही. म्हणून ती पानं निरर्थक वाटतात. लुओ जी सांगतो की मला हे पद नको, तर ऐकणारा अर्थपूर्ण हसतो, कारण वॉलफेसरचं 'नको' हाही डावाचाच भाग असू शकतो. तो तळ्याकाठचं घर मागतो, मिळतं. मनात रंगवलेल्या मुलीचं वर्णन देतो, तर दा शी तिला शोधायला निघतो. कोणीच विचारू शकत नाही की हे कशासाठी.

तेव्हा प्रश्न बदलून वाचा. 'हा काय करतोय' हा प्रश्न सोडा. चारही जणांसाठी कागदावर चार चौकोन आखा आणि प्रत्येकात फक्त दोन गोष्टी टिपत जा: जाहीरपणे काय म्हणतो, आणि साधनं कसली मागतो. या दोन्हींचा मेळ जिथे बसत नाही तिथे बोट ठेवा. शत्रूची माणसंही नेमकं हेच करत असतात. टायलर, रे डियाझ आणि हाइन्स यांचे चौकोन भरायला लागले की वाचनाला धार येते. लुओ जीच्या चौकोनात एकच प्रश्न लिहा: या आळशी माणसाला मारायची त्या लोकांना एवढी घाई का?

स्वप्नातल्या मुलीच्या पानांबद्दल स्पष्टच सांगायचं तर ती कच्ची आहेत. हा लेखक कल्पना जितक्या ताकदीने रचतो तितक्या ताकदीने माणसं रचत नाही, आणि स्त्रीपात्रं तर बऱ्याचदा चित्रासारखी सपाट ठेवतो. ती पानं आवडून घ्यायची सक्ती नाही. रोज पाच-पाच पानं चावत बसलात तर आठवडा जाईल. रविवारी एका बैठकीत, जरा वेगाने, पण न गाळता वाचून टाका. गाळू नका, कारण तिथे घडलेल्या गोष्टींचा पुढे हिशेब लागतो.

आणखी एक धागा वाचक दुय्यम समजून पळवतात: नौदलातला अधिकारी जांग बेइहाय. तो कमी बोलतो, त्याचे प्रसंग लांबलांब अंतरावर येतात. प्रत्येक प्रसंगानंतर तो कोणाशी काय बोलला एवढी एक ओळ लिहून ठेवा. जास्त सांगणार नाही.

प्रकरणांच्या डोक्यावरच्या ओळीही वाचत जा. संकटयुगाचं कितवं वर्ष आणि आरमार सूर्यमालेपासून किती प्रकाशवर्षांवर आहे, हे तिथे दिलेलं असतं. चार प्रकाशवर्षांच्या थोडं वर सुरू झालेला आकडा उतरत जातो. माणसं शीतनिद्रेत जातात आणि मध्ये दोनेक शतकं उलटतात, तेव्हा हाच आकडा तुम्हाला ताळ्यावर ठेवतो.

वेळेचं गणित साधं आहे. सुमारे पाचशे पानं, तासाला पंचवीस ते तीस, म्हणजे सतरा ते वीस तास. रोज पाऊण तास दिलात तर चार आठवडे. दिवस चुकला तर चुकू द्या, पण सलग चार दिवसांहून जास्त खंड नको. नव्या पात्रांचे तीन-चार धागे एकदम सुरू झालेले असतात, एकही बांधलेला नसतो, आणि पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात खंड पडला की ते सगळेच हातून निसटतात. संवादाचे प्रसंग वनाज ते रामवाडी मेट्रोत सहज होतात. नवी संकल्पना मांडणारं प्रकरण मात्र घरी, टेबलाशी, पेन्सिल हातात घेऊन. कोणतं कसलं हे दोन पानांत कळतं.

किंडलवर वाचत असाल तर एक धोका आहे. नाव विसरलं म्हणून पुस्तकात शोध घेतला की पुढच्या पानांवरच्या ओळीही यादीत येतात, आणि कोण कधी मरतं ते नकळत कळतं. यादीतल्या वरच्या दोन-तीन ओळींवरच थांबा. विश्वकोशातलं पात्राचं पान तर उघडूच नका, त्याचं पहिलंच वाक्य बहुधा पात्राचं भवितव्य सांगून मोकळं होतं. मधल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूरही वाचू नये. पहिल्याचा शेवट तर तो फोडतोच, कधीकधी याच पुस्तकाचा मध्यही फोडतो. ऑडिओबुक पहिल्याची उजळणी म्हणून उत्तम, स्वयंपाक करताना सव्वापट वेगाने ऐका. दुसऱ्याचं प्रथमवाचन मात्र कानाने नको, नवी चिनी नावं ऐकून वेगळी काढणं फार कठीण जातं.

ज्यांनी पहिल्या पुस्तकाऐवजी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली मालिका पाहिली आणि मग दुसरं पुस्तक घेतलं, त्यांचा गोंधळ वेगळ्या प्रकारचा होतो. त्या मालिकेत माणसांची नावं आणि देश बदलले आहेत, आणि पहिल्याच सत्रात दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकांतले प्रसंग ओढून घेतले आहेत. अशा वाचकाने पहिलं पुस्तक वाचूनच पुढे यावं. इथे सवलत नाही.

सोडून द्यावं का, याला एक कसोटी आहे. अडलेल्या जागेपासून पुस्तकाच्या पुढच्या भागापर्यंत वेगाने जा. 'द डार्क फॉरेस्ट'चे तीन भाग आहेत, तेव्हा दुसऱ्या भागाची पहिली पंधरा पानं वाचा. त्यानंतर एकही प्रश्न डोक्यात वळवळत नसेल तर खुशाल मिटा. कंटाळा ही कसोटी नाही, कुतूहल आहे का ते बघायचं. 'फाउंडेशन अँड एम्पायर'चा पूर्वार्ध मुद्दाम जुन्याच साच्यातला वाटतो, सेल्डन पुन्हा एकदा बरोबर ठरणार हे दिसत असतं. तिथे मिटणाऱ्याला म्यूल भेटतच नाही. आणि मधली पुस्तकं मुळातच कमअस्सल असतात हेही खरं नाही. एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' त्रिखंडातल्या तिन्ही पुस्तकांना २०१६ ते २०१८ सलग तीन वर्षं विज्ञानकथेचं ह्यूगो पारितोषिक मिळालं, मधल्या 'द ओबेलिस्क गेट'सकट.

खरेदीबद्दल थोडं. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मालिकेचा मधलाच खंड एकटा सापडतो आणि स्वस्त म्हणून घेतला जातो. घ्या, पण कोणता क्रमांक ते आतल्या पानावरच्या प्रकाशन-वर्षावरून ताडा. मुखपृष्ठावर विश्वास नको. 'फाउंडेशन'च्या बाबतीत तर फारच, कारण असिमोव्हने १९८८ मध्ये आधीच्या काळातली कथा सांगणारं पुस्तक काढलं आणि काही याद्यांत तेच पहिलं म्हणून येतं. प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा: १९५१, १९५२, १९५३, मग बाकीची. वाचनालयातून आणणार असाल तर दोन्ही भाग उपलब्ध आहेत का ते आधी बघा. पहिला हाताशी असणं गरजेचं आहे, विशेषतः 'ड्यून'सारख्या ठिकाणी, जिथे शब्दार्थांची यादी पहिल्या पुस्तकाच्या शेवटी आहे.

तिसऱ्यावर उडी का नको, तेही सांगतो. 'डेथ्स एंड' दुसऱ्याच्या शेवटानंतर सरळ सुरू होत नाही. त्याचा काही भाग वॉलफेसरच्या वर्षांतच, समांतर घडतो, आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या शेवटी बसलेल्या घडीवर उभं आहे. सारांश वाचून ती घडी लक्षात येते, तिचं वजन येत नाही. म्हणून दुसरं संपेल त्याच रात्री, झोपायच्या आधी, नवं पोस्टकार्ड घ्या आणि तेच तीन रकाने भरून मागच्या मलपृष्ठाच्या आत खोचून ठेवा. आणि तिसरं उघडल्यावर १४५३ सालचं कॉन्स्टँटिनोपल दिसलं तर दुकानदाराने चुकीचं पुस्तक दिलं असं समजू नका.